घटक ६ : अपेक्षाभंगाचे वाचन – विनोदी अद्भुत कादंबरीच्या संदर्भात

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
१. वाचकाचा अपेक्षाभंग ही समीक्षेची सुरुवात कशी ठरू शकते, हे स्पष्ट करता येईल.
२. हास्य आणि अद्भुत हे दोन रस एका कादंबरीत एकत्र येतात तेव्हा कोणत्या अडचणी निर्माण होतात, हे सांगता येईल.
३. अपेक्षाभंगाचे कारण कलाकृतीत, भाषांतरात की वाचकाच्या पूर्वतयारीत आहे, याचा शोध घेता येईल.
४. न आवडलेल्या पुस्तकाविषयी प्रामाणिक आणि साधार उत्तर लिहिता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कादंबरीच्या आस्वादाची तत्त्वे पाहिली. तेथे उदाहरणे होती ती आवडलेल्या पुस्तकांची. परंतु वाचकाच्या वाट्याला न आवडलेली पुस्तकेही येतात. त्यांचे काय करायचे, हा या घटकाचा विषय आहे.

एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. आपण जळगावच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या वाचनालयातून लुईस कॅरोल यांच्या ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ या १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे मराठी भाषांतर घरी आणले आहे. ‘जगातील एक अत्यंत विनोदी पुस्तक’ अशी त्याची ख्याती आपण ऐकलेली आहे. दिवसभराचे काम आटोपून रात्री, किंवा धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला जाणाऱ्या एस.टी.त, आपण ते वाचू लागता. ससा घड्याळ पाहत पळतो, मुलगी बिळात पडते, काही खाल्ले की उंच होते, काही प्यायले की लहान होते. पन्नास पाने होतात, पण हसू काही येत नाही. पुस्तक मिटताना मनात दोनपैकी एक वाक्य उमटते. एक, ‘यात काही दम नाही.’ दुसरे, ‘मलाच समजत नसेल.’

यांपैकी दुसरे वाक्य अधिक घातक आहे. नोकरी, शेती वा संसार सांभाळून अनेक वर्षांनी पुन्हा शिक्षणाकडे वळलेल्या विद्यार्थ्याच्या मनात ते लवकर येते. घरी अहिराणी किंवा तावडी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला तर आपली भाषा आणि आपली समज दोन्ही कमी पडत असल्याची शंका येते. मग परीक्षेत तो स्वतःचा अनुभव बाजूला ठेवतो आणि मार्गदर्शकातील स्तुतिपर वाक्ये उतरवून काढतो. अशा उत्तरात चूक काहीच नसते, पण त्यात वाचकही नसतो. दोन्ही वाक्यांच्या पलीकडे जाऊन ‘हसू नेमके कोठे आणि का अडले?’ असा प्रश्न विचारणे आपल्याला शिकायचे आहे.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ हास्य आणि अद्भुत यांची जोडी

भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्रा’त हास्य रसाचा स्थायीभाव ‘हास’ आणि अद्भुत रसाचा स्थायीभाव ‘विस्मय’ सांगितला आहे. हास्य हे विकृत वेष, विकृत वाणी, विकृत चेष्टा यांतून निर्माण होते. येथे ‘विकृत’ या शब्दाचा अर्थ ‘नेहमीच्या रूपापासून ढळलेले’ असा घ्यावा. म्हणजेच हसण्यासाठी आधी नेहमीचे रूप ठाऊक असावे लागते. उलटा सदरा घातलेला माणूस पाहून आपण हसतो, कारण सदरा सुलटा कसा घालतात हे आपल्याला माहीत असते.

अद्भुत कादंबरीत मात्र नेहमीचे जगच बदललेले असते. ज्या जगात प्राणी बोलतात, माणसे क्षणात उंच-बुटकी होतात, तेथे ‘नेहमीचे’ काय आणि ‘ढळलेले’ काय, हे वाचकाला प्रथम कळत नाही. काहीही घडू शकते असे एकदा ठरले की कशाचेच नवल उरत नाही आणि कशाचे हसूही येत नाही. म्हणून विनोदी अद्भुत कादंबरीच्या लेखकाला दोन कामे करावी लागतात. आधी नव्या जगाचा नियम वाचकाच्या मनात पक्का करणे आणि मग तो नियम मोडून किंवा ताणून हसवणे. पहिले काम अपुरे राहिले की दुसरे फसते. अशा कादंबऱ्यांबाबतच्या अनेक तक्रारींचे मूळ येथे सापडते.

भरतांनी हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले आहेत. ही वर्गवारी आपल्याला व्यवहारातही उपयोगी पडते. पोट धरून हसण्याच्या, म्हणजे अतिहसिताच्या, अपेक्षेने आलेल्या वाचकाला पुस्तकाने केवळ स्मित दिले, तर तो निराश होतो. येथे पुस्तकाने काहीच दिले नाही असे म्हणता येणार नाही. मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसला नाही, एवढेच म्हणता येईल.

६.३.२ मराठी कादंबरी आणि अद्भुत : जुना अपेक्षाभंग

अद्भुत कादंबरीने निराश झालेले आपण पहिलेच मराठी वाचक नाही. मराठी कादंबरीच्या आरंभकाळातच हा अनुभव नोंदला गेला आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली. त्यानंतर काही वर्षांतच नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ प्रसिद्ध झाली. या कादंबऱ्यांत अद्भुत घटनांची रेलचेल होती. रिसबूड यांनी प्रस्तावनेत त्याचे कारणही दिले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, विवाहाच्या चालीरीती व इतर कारणांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात मन वेधून घेईल असे काही घडत नाही. रोजचेच लिहिले तर ते रंजक होणार नाही, म्हणून करमणुकीसाठी अद्भुताकडे वळणे भाग पडते.

हे कारण सर्वांना पटले नाही. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ प्रसिद्ध करून अशा कादंबऱ्यांतील असंभाव्यतेवर बोट ठेवले. पुढे १९०२ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ हा निबंध लिहून मराठी कादंबरीला युरोपीय कादंबरीच्या शेजारी उभे केले आणि तिचे तोकडेपण दाखवले. राजवाड्यांचे नाव खानदेशातील वाचकाला परके नाही. त्यांचा अखेरचा काळ धुळ्यात गेला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या स्मृत्यर्थ उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे.

मराठे आणि राजवाडे हे दोघेही निराश वाचक होते, परंतु त्यांची निराशा केवळ उद्गार होऊन राहिली नाही. मराठ्यांच्या हाती संभाव्यतेचा निकष होता. राजवाड्यांच्या हाती तुलनेची सामग्री होती. त्यांच्याशी आपले मत जुळेल किंवा जुळणार नाही. पण त्यांनी कारणे दिली म्हणूनच शतकानंतरही त्यांच्याशी वाद घालता येतो. ‘पुस्तक आवडले नाही’ एवढ्याच विधानाशी कोणालाही वाद घालता येत नाही.

या इतिहासाचा आणखी एक परिणाम लक्षात घ्यावा. हरिभाऊ आपटे यांच्यापासून मराठी कादंबरी प्रामुख्याने वास्तवाच्या वाटेने गेली. विनोद श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी, चिं. वि. जोशी यांच्या लेखनातून लेख, कथा आणि नाटक या प्रकारांत बहरला. विनोद आणि अद्भुत यांची जोडी दिसते ती बालरंगभूमीवर, उदा., रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ किंवा ‘निम्मा शिम्मा राक्षस’ या नाटकांत. ती तमाशाच्या गवळणीतही दिसते. तेथे कृष्णाच्या वाटेवर मावशी उभी असते, पेंद्या अडखळत बोलतो आणि देवही आपल्या गावच्या बोलीत उत्तर देतो. प्रौढांसाठी लिहिलेल्या विनोदी अद्भुत कादंबरीची परंपरा मात्र मराठीत क्षीण आहे. तेव्हा अशी कादंबरी हाती आल्यावर मराठी वाचकाजवळ तिच्या वाचनाची सवय तयार नसते, हे स्वाभाविक आहे. याला समजेचा अभाव म्हणता येणार नाही.

६.३.३ अपेक्षाभंगाची चार ठिकाणे

‘अ‍ॅलिस’च्या उदाहरणावरून अपेक्षाभंग कोठे होऊ शकतो, हे आता क्रमाने पाहू.

(अ) पुस्तकाची पूर्वप्रतिमा. पुस्तक उघडण्यापूर्वीच मलपृष्ठ, प्रस्तावना आणि इतरांची स्तुती यांनी आपल्या मनात एक चित्र तयार केलेले असते. ‘अ‍ॅलिस’ हे मुळात एका लहान मुलीला आणि तिच्या बहिणींना सांगितलेल्या गोष्टीतून वाढलेले पुस्तक आहे. प्रौढांची विनोदी कादंबरी म्हणून ते हाती घेतले तर प्रतिमा आणि पुस्तक यांत अंतर पडते. हा दोष पुस्तकाच्या पदरी टाकण्यापूर्वी ‘पुस्तकाने स्वतः मला कोणते आश्वासन दिले होते?’ असे विचारावे.

(आ) कादंबरीची रचना. ‘अ‍ॅलिस’मधील प्रसंग एकामागून एक येतात, परंतु एका प्रसंगातून दुसरा निर्माण होतोच असे नाही. पत्त्यांची राणी ऊठसूट शिरच्छेदाचा हुकूम सोडते. प्रत्यक्षात मात्र कोणाचाही शिरच्छेद होत नाही, हे पुढे एका पात्राकडूनच कळते. शेवटी सारे स्वप्न होते, असेही उघड होते. धोका खरा नसेल तर त्यातून सुटल्याचा आनंदही फिका पडतो, असा आक्षेप एखाद्या वाचकाने घेतला तर तो विचारार्ह आहे. या आक्षेपाला उत्तरही आहे : स्वप्नात कार्यकारणाची साखळी नसते आणि लेखकाला तेच दाखवायचे आहे. चांगल्या उत्तरात आक्षेप आणि त्यावरील संभाव्य उत्तर दोन्ही येतात.

(इ) भाषांतर. ‘अ‍ॅलिस’मधील एका प्रसंगात उंदीर आपली ‘कहाणी’ लांबलचक आणि दुःखद असल्याचे सांगतो आणि अ‍ॅलिस त्याच्या शेपटीकडे पाहू लागते. इंग्रजीत कहाणी आणि शेपूट यांसाठीच्या शब्दांचा उच्चार सारखा आहे. मराठीत तो सारखा नाही. शब्दशः भाषांतरात ती मुलगी शेपटीकडे का पाहते, हेच कळत नाही. भाषांतरकाराने तेथे नवा मराठी श्लेष रचला तर मूळ प्रसंग बदलतो. तळटीप दिली तर हसू विझते. या अडचणीमुळे निर्माण झालेली निराशा मूळ लेखकाच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे ठरेल.

(ई) वाचकाची पूर्वतयारी. कॅरोलने कादंबरीत घातलेल्या अनेक कविता विडंबने आहेत. त्या काळच्या इंग्रज मुलांना शाळेत पाठ असलेल्या उपदेशपर कविता त्याने उलट्यापालट्या केल्या आहेत. ज्याला मूळ कविता पाठ नाही, त्याला विडंबन म्हणजे नुसती असंबद्ध ओळींची जुळणी वाटेल. हा अनुभव आपल्याला मराठीतही येतो. आचार्य अत्रे यांची ‘झेंडूची फुले’ वाचून पूर्ण आनंद घ्यायचा तर ज्या कवींच्या शैलीचे विडंबन त्यात आहे, त्यांच्या कविता कानांत असाव्या लागतात.

हीच गोष्ट उलट बाजूने पाहा. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भरीतासाठी ठेवलेले वांगे अचानक बोलू लागले आणि ‘आधी मिरच्या किती घालणार ते सांगा’ असे विचारू लागले, तर जळगावकडील वाचक वाक्य संपण्याआधीच हसेल. हिवाळ्यातील शेतातली भरीत-पार्टी, जाळ, तो वास, सारे त्याला ठाऊक आहे. लंडनच्या वाचकाला मात्र येथे टीप लागेल. त्याला हसू आले नाही म्हणून आपण त्याला मंदबुद्धीचा म्हणणार नाही. मग ‘अ‍ॅलिस’ वाचताना आपण स्वतःला तसे का म्हणावे?

६.३.४ तीन तुलना

नियम पक्का असला की विनोद भाषेची सीमा कशी ओलांडतो, हे पाहण्यासाठी तीन कादंबऱ्यांचा थोडक्यात विचार करू.

जोनाथन स्विफ्ट यांच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये (१७२६) लिलिपुट देशातील सर्व काही आपल्या जगाच्या सुमारे एक बारांश आहे. हा नियम लेखक कटाक्षाने पाळतो. गलिव्हरला किती अन्न लागेल, याचा हिशेबही तेथील गणिती त्याच प्रमाणावरून मांडतात. या काटेकोर जगात अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून वैर आणि युद्ध होते. दोरीवर उत्तम नाचणाऱ्याला दरबारात मोठे पद मिळते. क्षुल्लक कारणावरून पडलेल्या तटांचे भांडण ज्याने गावात पाहिले आहे, त्याला येथे टीप लागत नाही.

सर्व्हांतेस यांच्या ‘डॉन किहोते’मध्ये (पहिला भाग १६०५, दुसरा १६१५) अद्भुत असते ते नायकाच्या डोक्यात. वीरकथा वाचून वाचून त्याला पवनचक्क्या राक्षस दिसतात. शेजारी गाढवावर बसलेला सांचो त्याला त्या पवनचक्क्या असल्याचे सांगत असतो. ‘नेहमीचे जग’ सांचोच्या रूपाने सतत उपस्थित असल्यामुळे ढळलेपण प्रत्येक क्षणी दिसते. ही कादंबरी स्वतःच अद्भुत पुस्तकांच्या अतिरेकाला एका वाचकाने दिलेले उत्तर आहे, हेही लक्षात घ्यावे.

तिसरे उदाहरण जळगाव जिल्ह्यातील सांगवी येथे जन्मलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चे (१९६३). ही अद्भुत कादंबरी नव्हे. पण तिच्यातील एका प्रसिद्ध भागात पांडुरंग सांगवीकर आणि त्याचा मित्र भविष्यकाळातील संशोधकांची भूमिका घेऊन आजच्या जगण्याची ‘ऐतिहासिक’ चिकित्सा करतात. कल्पनेची ही झेप हसवते, कारण इतिहास-संशोधनाची गंभीर भाषा वाचकाच्या ओळखीची असते. मात्र ‘कोसला फार विनोदी आहे’ एवढेच ऐकून ती वाचणारा वाचक मनीच्या मृत्यूपाशी येऊन थबकतो. त्याचाही अपेक्षाभंग होतो, पण येथे तो कादंबरीने जाणूनबुजून घडवलेला असतो. वाचकाला हसवत ती त्याला जेथे आणून सोडते, तेथे हसणे शक्य नसते. म्हणून प्रत्येक अपेक्षाभंग हा दोष मानता येत नाही.

६.३.५ उत्तर कसे लिहावे?

‘आपण वाचलेल्या एका विनोदी अद्भुत कादंबरीचे परीक्षण करा’ या प्रश्नाची तीन उत्तरे पाहू.

पहिले उत्तर : ‘ही जगप्रसिद्ध कादंबरी असून तिच्यात विनोद ठासून भरला आहे. लेखकाची कल्पनाशक्ती अफाट आहे.’ हे वाक्य पुस्तक न वाचताही लिहिता येते.

दुसरे उत्तर : ‘कादंबरी कंटाळवाणी आहे. तिच्यात काहीही घडते. वेळ वाया गेला.’ हे प्रामाणिक आहे, परंतु येथे कारणे नाहीत.

तिसरे उत्तर : ‘कादंबरीच्या पहिल्या निम्म्या भागात मला हसू आले नाही. प्राण्यांच्या बोलण्यातील शाब्दिक विनोद भाषांतरात पोहोचला नाही आणि कवितांची मूळ रूपे माझ्या परिचयाची नव्हती. त्यामुळे या भागाविषयी मूळ कादंबरीबद्दल निर्णय देणे मला योग्य वाटत नाही. न्यायालयाच्या प्रसंगात मात्र मी मनापासून हसलो. निकालाआधीच शिक्षा सुनावावी असा राणीचा आग्रह समजण्यासाठी मला कोणत्याही टीपेची गरज पडली नाही, कारण न्यायालयाची रीत मला ठाऊक होती. माझा आक्षेप शेवटाला आहे. सारे स्वप्न ठरल्यामुळे अ‍ॅलिसने राणीला दिलेले धीट उत्तरही हलके होते. स्वप्नाचा तर्क दाखवणे हा लेखकाचा हेतू असेल, तरी त्या धीटपणाचा काही परिणाम जागेपणी उरला असता तर कादंबरी मला अधिक आवडली असती.’

तिसऱ्या उत्तराने पुस्तकाची स्तुती केलेली नाही, तरीही ते श्रेष्ठ आहे. त्यात वाचक कोठे हसला आणि कोठे थांबला, हे प्रसंगांसह आले आहे. भाषांतराचा, स्वतःचा आणि कादंबरीचा वाटा वेगवेगळा मांडला आहे. ज्या ठिकाणी अधिकार नाही तेथे निर्णय राखून ठेवला आहे आणि जेथे अधिकार आहे तेथे तो स्पष्टपणे वापरला आहे.

येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. वाचताना हसू आले त्या पानाचा क्रमांक आणि कंटाळा आला त्या पानाचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. थकून भागून, तुकड्यातुकड्यांनी वाचले असेल तर तेही नोंदवा. विनोद हा घाईत निसटतो. जे पान बसच्या गर्दीत निर्जीव वाटले, ते सुटीच्या दिवशी मोठ्याने वाचून पाहा. दुसऱ्यांदाही ते निर्जीवच राहिले, तर आपल्या मताला आता बळ आले आहे, असे समजा.

६.४ सारांश

हास्यासाठी ‘नेहमीचे रूप’ ठाऊक असावे लागते आणि अद्भुत कादंबरीत तेच बदललेले असते. म्हणून विनोदी अद्भुत कादंबरीला आपल्या जगाचा नियम आधी पक्का करावा लागतो. वाचकाचा अपेक्षाभंग पूर्वप्रतिमा, रचना, भाषांतर आणि वाचकाची पूर्वतयारी या चार ठिकाणी होऊ शकतो. क्वचित तो कादंबरीने हेतुपुरस्सर घडवलेला असतो. मराठे आणि राजवाडे यांनी आपल्या निराशेला निकष आणि तुलना यांची जोड दिली, म्हणून ती समीक्षा ठरली. आपणही ‘मला समजत नाही’ असे म्हणून माघार घेऊ नये आणि ‘पुस्तकच टाकाऊ’ असे म्हणून सुटकाही करून घेऊ नये. हसू जेथे अडले त्या पानावर परत जावे.

६.५ पारिभाषिक शब्द

अपेक्षाभंग : कलाकृतीविषयी मनात तयार झालेली अपेक्षा पूर्ण न होणे.
स्थायीभाव : रसाच्या मुळाशी असणारा स्थिर भाव.
संभाव्यता : कलाकृतीच्या जगात एखादी घटना घडणे शक्य वाटण्याचा गुण.
विडंबन : मूळ रचनेचे हास्यकारक अनुकरण.
श्लेष : एका शब्दातून किंवा उच्चारातून दोन अर्थ सुचवणारा शब्दप्रयोग.

६.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘काहीही घडू शकते अशा जगात कशाचेच हसू येत नाही.’ या विधानाची चर्चा करा.
२. ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेतील रिसबूड यांची भूमिका आपल्या शब्दांत सांगा. आपल्या परिसरातील रोजच्या जीवनाकडे पाहता ती आपणास पटते काय?
३. भाषांतरित विनोदी पुस्तकाचे परीक्षण करताना कोणती काळजी घ्यावी?
४. हेतुपुरस्सर घडवलेला अपेक्षाभंग आणि रचनेतील दोष यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.

६.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा गावातील वडीलधाऱ्या व्यक्तीकडून अहिराणी, तावडी अथवा आपल्या बोलीतील एक विनोदी अद्भुत गोष्ट ऐका. ती प्रथम सांगणाऱ्याच्या बोलीत आणि नंतर प्रमाण मराठीत लिहा. दुसऱ्या लेखनात हसू कोठे कमी झाले, ते वाक्य शोधा आणि त्याचे कारण दहा ओळींत नोंदवा. हे लेखन संपर्कसत्रात सोबत आणावे.